बंगालची हाक ऐकणारा शाहीर

1941 साली बंगळूर शहरात, म्हणजे आजच्या बेंगळुरूत, एक लहानसे नाट्यमंडळ उभे राहिले. त्या वेळच्या सिलोनमधून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, आलेल्या अनिल डी सिल्वा या तरुण स्त्रीने त्यासाठी पुढाकार घेतला होता. नाटक ही तिकीट काढून येणाऱ्या थोड्या सुखवस्तू लोकांची करमणूक न राहता ती कष्टकऱ्यांच्या वस्तीत जावी, त्यांच्या जगण्याविषयी बोलावी, असा त्या मंडळींचा विचार होता. पुढे नामवंत झालेले शास्त्रज्ञ होमी भाभा तेव्हा बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत काम करीत होते. या चळवळीला 'पीपल्स थिएटर', म्हणजे लोकांची रंगभूमी, हे नाव त्यांनीच सुचवले असे सांगितले जाते. बंगळुरात रुजलेली ही कल्पना लवकरच मुंबईस पोचली. मे 1943 मध्ये मुंबईत देशभरातील कलावंत एकत्र जमले आणि 'इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन' ही संस्था अखिल भारतीय पातळीवर स्थापन झाली. तिला सारा देश 'इप्टा' या आटोपशीर नावाने ओळखू लागला.

सहा वर्षांनी, 1949 साली, या संस्थेच्या अध्यक्षपदावर एका मराठी शाहिराची निवड झाली. विद्वान नाटककार, नामांकित नट, परदेशात शिकून आलेले दिग्दर्शक अशा मंडळींच्या या संस्थेचा तो अध्यक्ष आयुष्यात जेमतेम दीड दिवस शाळेत गेला होता. त्याचे नाव तुकाराम भाऊराव साठे. महाराष्ट्र त्यांना अण्णाभाऊ साठे म्हणून ओळखतो.

अण्णाभाऊंचा जन्म 1 ऑगस्ट 1920 रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात आहे, त्या काळी ते सातारा जिल्ह्यात मोडत असे. वडील भाऊराव, आई वालुबाई. घर मातंग समाजाचे. गावात या समाजाला वस्ती वेशीबाहेर आणि सरकारदरबारी जागा संशयितांच्या यादीत. इंग्रजांनी 1871 साली केलेल्या एका कायद्याने कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते, आणि मांग समाजातील पुरुषांना सरकारी हजेरीसाठी ठरल्या वेळी उभे राहावे लागे. माणूस मजुरीसाठी परगावी गेला आणि हजेरी चुकली, तर तोच गुन्हा.

अशा घरात अण्णाभाऊ जन्मले त्या वेळची एक हकिकत त्यांच्या घराण्यात सांगितली जात असे. नात्यातला फकिरा नावाचा एक बंडखोर सरकारी खजिना लुटून रातोरात वाटेगावात आला आणि त्याने बाळंतिणीच्या ओंजळीत रुपये ओतून बाळाच्या घुटीची सोय केली, अशी ती हकिकत. भुकेल्यांसाठी लुटणारा हा फकिरा मुलाच्या मनात घर करून बसला. तो कागदावर उतरायला मात्र पुढे चाळीस वर्षे जावी लागली.

शाळेचे म्हणाल तर ती दीड दिवसातच सुटली. गुरुजींनी पहिल्याच दिवशी अक्षरावरून मारले; जातीची अवहेलना तर होतीच. मुलगा पुन्हा तिकडे फिरकला नाही. 1931-32 च्या सुमारास गावातील उपासमारीला कंटाळून भाऊरावांनी कुटुंबाला मुंबईला न्यायचे ठरवले. गाडीभाड्याला पैसे नव्हते. सगळे पायी निघाले. वाटेत मिळेल ती मजुरी करावी, त्यावर पोट भरावे आणि पुढे चालू लागावे, असे करीत ते कुटुंब मुंबईस पोचले.

मुंबईत अण्णाभाऊंनी पडेल ते काम केले. ओझी वाहिली, हॉटेलात पोऱ्या म्हणून राबले, गिरणीत काम केले. आणि याच शहरात ते वाचायला शिकले. दुकानांवरच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके हे त्यांचे पहिले पुस्तक. रस्त्याने जाताना ते एकेक अक्षर लावीत असत. उशिरा शिकू लागलेल्या माणसाला या शिक्षणाची गोडीही ठाऊक असते आणि त्यातला संकोचही. त्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांचा मुक्काम झाला. ती कामगारांची वस्ती होती, चळवळीचेही केंद्र होते. तेथे कम्युनिस्ट पक्षाच्या कार्यकर्त्यांशी त्यांची ओळख झाली. ते सभा ऐकू लागले, पत्रके वाटू लागले आणि मग गाणी रचू लागले. त्यांच्या अगदी आरंभीच्या गाण्यांत एक त्या वस्तीतल्या डासांवर होते. गावाकडे नातेवाइकांच्या तमाशाच्या फडात त्यांनी लोककलेचे धडे घेतलेले होतेच. ढोलकीचा ताल, सवाल-जबाब, सोंगाड्याचा विनोद, शाहिराची चढती लय हे सारे त्यांच्या अंगात मुरलेले होते. मुंबईने त्यांना विषय दिले.

याच सुमारास बंगालवर ते संकट कोसळले. 1942 साली जपानने ब्रह्मदेश जिंकला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने बंगालच्या किनारी भागातील होड्या काढून घेतल्या किंवा निकामी केल्या. त्यामुळे मासेमारी आणि धान्याची ने-आण दोन्ही ठप्प झाली. ऑक्टोबर 1942 मध्ये मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आले आणि उभे पीक गेले. तरीही प्रांतात धान्य अजिबात उरले नव्हते असे नाही. ते साठेबाजांच्या कोठारांत आणि लष्कराच्या गोदामांत होते. भाताचा भाव मात्र भूमिहीन मजूर, कोळी, कुंभार यांच्या आवाक्याबाहेर गेला. 1943 च्या उन्हाळ्यापासून खेड्यापाड्यांतून माणसे कलकत्त्याकडे चालू लागली. भात मागण्याची हिंमत कोणाची होत नव्हती. ती दारोदार भाताची पेज मागत फिरत आणि पदपथावरच मरून पडत. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे 15 लाख सांगितली. पुढील अभ्यासकांनी ती 20 ते 30 लाख धरली आहे.

या घटनेने भारतातील कलावंत जितके हादरले, तितके त्यापूर्वी क्वचितच हादरले असतील. चित्रकार जैनुल आबेदीन यांनी साध्या, स्वस्त कागदावर काळ्या शाईने रस्त्यावरची मरणारी माणसे रेखाटली. चित्तप्रसाद भट्टाचार्य मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडले आणि पाहिले ते चितारून, लिहून त्यांनी 'हंग्री बेंगाल' ही पुस्तिका काढली. इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. बिजन भट्टाचार्य यांचे 'नबान्न' हे नाटक 1944 साली इप्टाने कलकत्त्यात रंगवले. त्यात राजा नव्हता की राणी नव्हती. गाव सोडून शहरात भीक मागणारे शेतकरी होते. ख्वाजा अहमद अब्बास यांनी इप्टासाठी याच विषयावर 'धरती के लाल' हा चित्रपट केला. तो 1946 मध्ये आला. बंगालच्या मदतीसाठी गायक-नर्तकांची पथके गावोगाव फिरून निधी जमवू लागली.

आणि मुंबईत अण्णाभाऊंनी 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला.

येथे क्षणभर थांबून पोवाडा म्हणजे काय ते पाहिले पाहिजे, कारण अण्णाभाऊंपुढची खरी अडचण तेथेच होती. पोवाडा हा पराक्रमाचे गुणगान करणारा काव्यप्रकार. शाहीर डफावर थाप मारतो, तुणतुणे साथ करते, झीलकरी मागून सूर धरतात आणि वीराची कथा उभी राहते. अफजलखानाच्या वधापासून चालत आलेली ही परंपरा. तिच्यात किल्ला सर होतो, शत्रू पडतो, विजयाचा चौघडा वाजतो. बंगालमध्ये तर कोणी लढले नव्हते. किल्ला नव्हता, तलवार नव्हती, विजय तर नव्हताच. जे मेले ते न लढता, न बोलता मेले. अशा मरणाला वीररसाची भाषा कशी लावायची? नुसते रडगाणे केले तर पोवाडा राहत नाही. नुसती वीरश्री आणली तर मेलेल्यांची थट्टा होते.

अण्णाभाऊंनी काढलेला मार्ग शीर्षकातच दिसतो. त्यांनी रचनेला बंगालचा शोक किंवा बंगालचा आकांत असे काही म्हटले नाही. त्यांनी तिला हाक म्हटले. आपल्या भाषेत हाकेला ओ द्यावी लागते. शोक ऐकणारा मान हलवून पुढे जाऊ शकतो. हाक ऐकणाऱ्याला मात्र थांबावे तरी लागते किंवा न ऐकल्याचे सोंग तरी करावे लागते. पोवाड्यातील वीराची रिकामी जागा अशा रीतीने श्रोत्याकडे आली. आता जे काय करायचे ते समोर बसलेल्या गिरणी कामगाराने करायचे होते.

तो कामगार कोण होता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. 1943 साली मुंबईतही धान्याची टंचाई होती आणि त्याच वर्षी शहरात रेशन सुरू झाले. श्रोत्यांपैकी बहुतेक जण कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून पोटासाठी आलेले. पुष्कळांना वृत्तपत्र वाचता येत नव्हते. बंगाल कोठे आहे, तेथले लोक कोणती भाषा बोलतात, हे ठाऊक असण्याचे त्यांना कारण नव्हते. पण दुष्काळात गाव सोडून शहराची वाट धरणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. अण्णाभाऊ स्वतः त्या वाटेने चालत आले होते. हजारो कोस दूरच्या बंगाली शेतकऱ्याचे दुःख ते मराठी मजुराला सांगू शकले ते यामुळेच. मला वाटते, त्यांच्या या रचनेतील बळ बातमीत नसून ओळखीत आहे.

1944 साली अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी मिळून 'लाल बावटा कलापथक' स्थापन केले. अमर शेख मूळचे बार्शीचे, त्यांचे खरे नाव मेहबूब पटेल. त्यांचा पहाडी आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय मैदानाच्या टोकापर्यंत पोचत असे. तिघांनी कामगारवस्त्या, चौक, गिरण्यांची मैदाने आणि शेतकऱ्यांच्या परिषदा पालथ्या घातल्या. अण्णाभाऊंनी जुन्या तमाशाची घडणही बदलली. आरंभीच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि तिच्यासाठी राबणाऱ्यांना वंदन आले; कृष्ण-गवळणींची छेडछाड मागे पडली; सावकार, जमीनदार आणि गिरणीमालक रंगमंचावर आले व लोकांच्या हसण्याचा विषय झाले. 'अकलेची गोष्ट' हे त्यातले गाजलेले वगनाट्य. तमाशाला लोकनाट्य ही प्रतिष्ठा मिळवून देण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

त्यांच्या सगळ्याच प्रासंगिक रचना सारख्या तोलाच्या आहेत, असे म्हणता येणार नाही. स्टालिनग्राडच्या लढाईवरचा त्यांचा पोवाडा त्या काळी खूप गाजला, परंतु त्यात पक्षाची भूमिका अधिक बोलते. चळवळीसाठी लिहिणाऱ्या कलावंताला हा धोका नेहमीच असतो. घटना मोठी, घाई मोठी, आणि काय बोलायचे हे आधीच ठरलेले. अण्णाभाऊही त्यातून पूर्णपणे सुटले नाहीत. पण जेथे विषय भुकेचा किंवा घर सुटण्याचा असे, तेथे त्यांची वाणी कोणाच्या शिकवणीची राहत नसे.

हे 1947 साली पुन्हा दिसून आले. स्वातंत्र्य आले ते फाळणी घेऊन. पंजाबात आणि दिल्लीत लाखो माणसे मारली गेली, एक कोटीहून अधिक लोक घरादाराला मुकले. बंगालच्या दुष्काळात दोष साठेबाजांना आणि परक्या सरकारला देता येत होता. आता मारणारे आणि मरणारे दोघेही आपलेच होते, एकाच गल्लीतले, कधीकाळी एकमेकांच्या लग्नात जेवलेले. शाहिराने कोणाला हाक घालायची? अण्णाभाऊंनी 'पंजाब-दिल्लीचा दंगा' हा पोवाडा लिहिला. दोन्ही बाजूंच्या निरपराधांची दुर्दशा सांगत त्यांनी ऐक्याची बाजू घेतली. त्या दिवसांत मुंबईही शांत नव्हती. अशा वेळी ज्या पथकात साठे, शेख आणि गव्हाणकर खांद्याला खांदा लावून उभे राहत, त्या पथकाचे नुसते मंचावर येणेसुद्धा काही सांगून जात असेल.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. पथक विस्कळीत झाले. मिळकत तर आधीही नव्हतीच. अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहत होते, आणि आता ते अधिकाधिक गद्याकडे वळले. तीसहून अधिक कादंबऱ्या आणि पुष्कळ कथा त्यांनी लिहिल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मात्र शाहीर पुन्हा उभा राहिला. गावी राहिलेल्या मैनेच्या विरहाची त्यांची छक्कड त्या काळात घरोघर पोचली. ऐकताना ती एका कामगाराची प्रेमकथा वाटते, पण ती मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहणारा बेळगाव-कारवारचा मुलूख आहे हे श्रोत्यांना लगेच उमगत असे. 1956 साली तो मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला, ज्याची राजधानी बंगळूर होती. ज्या शहरात लोकांच्या रंगभूमीची कल्पना रुजली, त्या शहराशी अण्णाभाऊंच्या गाण्याचा संबंध असा पुन्हा, पण वेगळ्याच वळणाने आला.

1959 साली 'फकिरा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. लहानपणी ऐकलेली ती हकिकत आता पूर्ण रूपात उभी राहिली. कादंबरीत दुष्काळ पडतो, मांगवाड्यात माणसे उपासाने मरू लागतात, आणि फकिरा साथीदारांसह श्रीमंतांचे धान्य व पुढे सरकारी खजिना लुटून भुकेल्यांची पोटे भरतो. सरकार त्याला दरोडेखोर ठरवते. 'बंगालची हाक' ज्याने रचली त्यानेच हे लिहिले आहे, हे लक्षात ठेवून कादंबरी वाचली तर तिचा वेगळा अर्थ लागतो. बंगालच्या शेतकऱ्यांपाशी फकिरा नव्हता. भरलेल्या कोठारांच्या आणि दुकानांच्या दारात माणसे शांतपणे मरून गेली. अण्णाभाऊंच्या मनाला हा सल लागून राहिला असावा, असे मला वाटते, आणि पोवाड्यात न सापडलेला वीर त्यांना सोळा वर्षांनी आपल्याच गावात सापडला. या कादंबरीला 1961 साली महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे.

भूक त्यांच्या कथांतूनही येते, आणि तेथे ती वीराची राहत नाही. 'स्मशानातलं सोनं' या कथेतला भीमा हा अंगापिंडाने धडधाकट गडी. मुंबईच्या उपनगरात तो खाणीत काम करतो. खाण बंद पडते आणि तो स्मशानातील राखेत सोने शोधू लागतो. मग तो पुरलेली प्रेते उकरण्यापर्यंत जातो. एका भयंकर रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि शेवटी ती कापून काढावी लागतात. त्याच दिवशी त्याला कळते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. पण दगड फोडणारी बोटे आता गेलेली असतात. कथा एवढ्यावरच संपते. लेखक भीमाला दोष देत नाही आणि त्याची कीवही करत नाही.

1961 साली अण्णाभाऊ सोव्हिएत रशियाला जाऊन आले; त्या प्रवासावर त्यांनी पुस्तक लिहिले. परदेशात मान मिळाला, पुस्तकांची भाषांतरे झाली, कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. घरची परिस्थिती मात्र पालटली नाही. संसारात दुःखे आली, आजार वाढले, पैशाचे व्यवहार त्यांना कधी जमले नाहीत. अखेरच्या काळात गोरेगावच्या सिद्धार्थनगरात त्यांना शासनाकडून घर मिळाले. तेथे 18 जुलै 1969 रोजी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षे होते. 2002 साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे चार रुपयांचे टपाल तिकीट काढले आणि 2022 साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभारला गेला.

अण्णाभाऊ गेले त्यानंतर सहाच आठवड्यांनी, 29 ऑगस्ट 1969 रोजी, अमर शेखही अपघातात गेले. बंगालच्या दुष्काळाच्या दिवसांत ज्यांनी एकत्र डफ हाती घेतला होता, त्या तिघांपैकी आता एकटे गव्हाणकर मागे राहिले.